गेलेल्या लेकराचे नाव



सज्जनहो, आमच्या यवतमाळ जिल्ह्यात एखाद्या घरचे लहान लेकरू गेले म्हणजे पुढच्या पंधरा दिवसांत त्या घरात काय काय होते ते आठवून पाहा. झबली-टोपडी कोणाला तरी देऊन टाकतात. दप्तर माळ्यावर जाते. तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल पळाटीच्या ढिगामागे सरकवला जातो. शेजारच्या बाया आईला सांगतात, "आता त्याचं नाव काढू नको माय. नाव काढलं का जीव घुटमळते त्याचा." वडीलधारी माणसे बापाजवळ बसतात आणि म्हणतात, "मागच्या जन्मीचं घेणं होतं बापा, घ्यायला आला होता, घेऊन गेला." हे बोलणारे कोणी वाईट नसतात. त्यांना त्या घराचे दुःख बघवत नाही, म्हणून ते बोलतात. पण महिन्याभरात त्या लेकराचे नाव घरातून उठते. आई ते मनात घेते. ओठावर येऊ देत नाही. बाप वखरामागे चालताना घेतो, आणि बैलाला हाक मारल्यासारखे करून गिळून टाकतो.

आता आम्हांस विचारायचे आहे ते हे. आपला सगळा संप्रदाय नामावर उभा. आपल्याजवळ यज्ञ नाही, याग नाही, मोठी दक्षिणा नाही. गळ्यात तुळशीची माळ, हातात टाळ आणि मुखात नाम, एवढीच आपली इस्टेट. स्मरणाने माणूस तरतो असे आपण रोज सांगतो. मग ज्या आईने नऊ महिने वाहिले आणि चार-सहा वर्षे वाढवले, तिला त्याच आपण सांगतो की लेकराचे स्मरण करू नको, नाव घेऊ नको! हे कोणत्या संतांनी सांगितले? आम्ही कीर्तन-प्रवचन करणारी मंडळीही यातून सुटलेलो नाही. मोहमाया, मोहमाया म्हणून आम्ही व्यासपीठावरून जे बोलतो, ते मंडपात मागच्या ओळीत पदर तोंडाला लावून बसलेल्या बाईला कुठे जाऊन लागते, हे आम्ही पाहत नाही.

जुन्या चालीरीतीत एक गोष्ट अशी आहे की तिचा विचार कोणी करत नाही. मोठा माणूस गेला तर दहा दिवसांचे सुतक, दहावा, तेरवी, वर्षश्राद्ध, पुढे पितृपंधरवड्यात तिथी. दुःखाला चालायला एक वाट घालून दिलेली आहे. त्या त्या दिवशी चार माणसे येतात, नाव घेतात, पान वाढतात. पण दात न आलेले तान्हे बाळ गेले तर त्याला अग्नी देत नाहीत, मातीत ठेवतात. त्याला पिंड नाही, त्याची तेरवी नाही. कारण असे सांगतात की ते निष्पाप आहे, त्याला या संस्कारांची गरज नाही. बाळाला गरज नसेल, ते खरे असेल. पण त्याच्या आईला होती. तिला तेरावा दिवस नाही आणि वर्षाची तिथीही नाही. जुन्या रिवाजात संन्याशालाही अग्नी देत नसत, त्यालाही मातीतच ठेवत, तेही याच भावनेने. म्हणजे आमच्या शिवेवरच्या ओढ्याकाठी कडुलिंबाखाली मातीत ठेवलेले बाळ आणि आळंदीच्या मातीत बसलेली माउली, दोघांची रीत एकच. पण माउलींना तिथी मिळाली, आणि आमच्या बाळाला मिळाली नाही.

माउलींची तिथी कशी पाळतात ते पाहू, म्हणजे संप्रदायाचे मत आपोआप कळेल.

शके १२१८, म्हणजे सन १२९६, कार्तिक वद्य त्रयोदशी. ज्ञानदेवांचे वय त्या वेळी अवघे २१ वर्षे. आपण त्यांना माउली म्हणतो, म्हणून ते कोणी वृद्ध बाबा असावेत असे वाटते. पण आज आमच्या घरचा २१ वर्षांचा मुलगा यवतमाळला वा अमरावतीला कॉलेजात असतो, आई त्याला डबा पाठवते, आणि आपण त्याला पोरगाच म्हणतो. असा पोरगा गेला. त्यांच्या मागोमाग सासवडला सोपानदेव, त्यांच्याहून दोन वर्षांनी लहान. पुढच्या वैशाखात तापीकाठी मेहूणजवळ वादळ झाले, वीज कडाडली आणि मुक्ताबाई दिसेनाशी झाली. परंपरेच्या हिशोबाने ती १८ वर्षांची होती. आईबाप तर आधीच गेलेले. उरले एकटे निवृत्तिनाथ, २४ वर्षांचे. तिघे धाकटे आठ महिन्यांच्या आत गेले आणि थोरला मागे राहिला. पुढच्याच महिन्यात, ज्येष्ठ वद्य एकादशीला, त्र्यंबकेश्वरी त्यांनीही देह ठेवला.

हे सगळे आपणांस कोणी सांगितले? नामदेवरायांनी. समाधीचे अभंग त्यांच्या नावावर आहेत, आणि त्या अभंगांत कोणी कोरड्या डोळ्यांचा नाही. नामदेव रडतात, संतमंडळी रडतात आणि ज्या निवृत्तिनाथांनी ज्ञानदेवांना ज्ञान दिले, तेही धीर सोडतात. नामदेवांना हे झाकता आले असते. गुरूला शोक झाला म्हटल्यावर ज्ञानाला कमीपणा येईल, अशी भीती एखाद्या लहान मनाच्या माणसाला वाटली असती. नामदेवांना ती वाटली नाही. ज्ञानियांचा गुरू रडला हे त्यांनी लिहून ठेवले, आणि आपण ते गात आलो. २०२५ साली माउलींच्या जन्माला ७५० वर्षे झाली. आजही कार्तिकी वद्य एकादशीला पंढरपुराहून पांडुरंगाची पालखी आळंदीला येते, नामदेवरायांची पालखी येते. त्रयोदशीला समाधीपाशी नामदेवांच्या घराण्यातले नामदास महाराज कीर्तन करतात, दुपारी समाधीची वेळ भरली की फुले उधळतात, घंटा वाजतात आणि मंडपात डोळे न पुसणारा माणूस शोधावा लागतो. त्यांना कोणी म्हणत नाही की बाबांनो, सातशे वर्षे झाली, आता नाव काढू नका!

आणखी एक पाहा. त्या चार भावंडांचे आपण काय स्मरतो? फक्त समाधी स्मरतो काय? मुक्ताईला मांडे करायचे होते, विसोबांनी गावात खापर मिळू दिले नाही, ती रडत घरी आली, आणि ज्ञानदादाने आपली पाठ पुढे केली, हे आम्ही पाळण्यातल्या पोरालाही सांगतो. ज्ञानदादा रुसून दार लावून बसला आणि एवढीशी बहीण ताटीबाहेर उभी राहून त्याची समजूत घालू लागली, ते ताटीचे अभंग घरोघर पाठ आहेत. चौघे भिंतीवर बसून चांगदेवांना सामोरे गेले. ही सगळी लहान मुलांची चरित्रे. खाणे, रुसणे, हट्ट, खेळ. संप्रदायाने या लेकरांचे मरण जपले, त्याच्या दसपट त्यांचे जगणे जपले.

आमच्या गावात नेमके उलटे होते. मूल गेलेल्या घरी भेटायला गेलेला माणूस काय विचारतो? "कसं झालं?" ताप किती दिवस होता, कोणत्या दवाखान्यात नेले, सलाईन लावली का, विहिरीला कठडा होता का. आईने तीच गोष्ट पन्नास माणसांना पन्नास वेळा सांगायची, आणि प्रत्येक वेळी मनात स्वतःला फाशी द्यायची की एक तास आधी निघालो असतो तर. आमचे म्हणणे एवढेच की "कसं झालं" हे विचारू नका. "कसं होतं" हे विचारा. काय खायला मागायचं? बापाला काय म्हणून हाक मारायचं? कोणत्या गाण्यावर नाचायचं? पाहा मग, रडता रडता त्या माउलीच्या तोंडावर काय उमटते ते.

गोरोबाकाकांची कथा आम्ही मंडळी मोठ्या रंगाने सांगतो. तेरचा कुंभार भजनात तल्लीन होऊन चिखल तुडवतो, रांगते मूल पायाखाली येते. पुढे पंढरीला कीर्तनात ते मूल रांगत परत येते. टाळ्या होतात, गजर होतो. कथा खरी प्रेमाची आहे. पण सांगणाऱ्याने एक ध्यानात ठेवावे. मंडपात जिचे मूल परत आले नाही अशी कोणी तरी बसलेली असतेच. ती मनात म्हणते, माझी भक्ती कमी पडली काय? तिला तसे वाटू देणे हा मोठा अपराध आहे. त्या कथेत मधला एक भाग आहे, तो आम्ही घाईने उरकतो. गोरोबांच्या पत्नीने आक्रोश केला, नवऱ्याला बोलली, विठ्ठलाला बोलली. गोरोबा रागाने अंगावर धावले तेव्हा तिने विठ्ठलाचीच आण घातली, की मला शिवू नका. आणि काय झाले? ती आण लागू पडली. गोरोबांनी ती पाळली. संतापलेल्या, पोटचा गोळा गेलेल्या बाईचा शब्द संताला बांधून टाकतो आणि देव त्या शब्दाच्या मागे उभा राहतो. विठ्ठलाला बोलली म्हणून तिचे काही वाईट झाल्याचे कथेत कोठे नाही. तेव्हा दुःखाच्या भरात कोणी बाई देवघराकडे पाठ करून बसली, एकादशी मोडली, माळ काढून ठेवली, तर तिला धाक घालू नका. विठोबा पुंडलिकासाठी विटेवर युगे उभा आहे. तिच्यासाठी वर्षभर उभा राहायला त्याचे पाय दुखत नाहीत.

आमच्या वऱ्हाडातली गोष्ट गाडगेबाबांची. बाबांनी १९०५ साली घर सोडले. १९२३ साली कोकणात खारेपाटणला कीर्तन चालू असता त्यांचा एकुलता एक मुलगा गोविंदा गेल्याची बातमी आली. बाबांनी कीर्तन थांबवले नाही. असे कोट्यवधी गेले, एकासाठी काय रडायचे, अशा अर्थाचे ते बोलले आणि पुढे चालू लागले. ही गोष्ट ठाऊक नसलेला माणूस वऱ्हाडात सापडणार नाही. पण हीच गोष्ट आम्ही दगडासारखी उचलून रडत्या आईबापांच्या डोक्यात घालतो. "गाडगेबाबा रडले नाहीत, तू काहून रडते?" बाबांविषयी पूर्ण आदर ठेवून आम्ही म्हणतो की हे वापरणे चुकीचे आहे. बाबांनी ते वाक्य स्वतःला म्हटले होते, दुसऱ्याच्या दारी जाऊन म्हटलेले नव्हते. आणि त्या कोट्यवधींसाठी त्यांनी पुढे जे केले ते साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. धर्मशाळा, शाळा, गोरगरिबांना अन्न. हातावर भाकर घ्या पण पोरांना शिकवा, नवसाला बकरे मारू नका, हे १९५६ सालापर्यंत गावोगाव सांगत फिरले. (साप चावलेले लेकरू मांत्रिकाकडे नेण्यात आजही आमच्याकडे कोणाचा तास मोडतो, बाबा असते तर खराटा घेऊनच धावले असते.) ज्याला असे कोट्यवधींसाठी जगता येत असेल त्याने खुशाल म्हणावे की एकासाठी रडत नाही.

पण कुंताबाईंचे काय? बाप १९०५ पासून देशभर फिरत होता. तो मुलगा वाढला आईच्या अंगाखांद्यावर. त्याला काय आवडे, तो कशाला भीत असे, झोपताना काय मागे, हे कुंताबाईंजवळ होते. गोविंदाच्या मरणाची गोष्ट सगळे सांगतात. गोविंदा कसा होता हे सांगणारा विरळा. ती गाठोडी त्या माउलीबरोबर गेली. बाबांच्या पुण्यतिथीला आम्ही भंडारे करतो, त्या दिवशी एक वेळ गोविंदाचेही नाव घ्यावे आणि त्याच्या आईचेही.

आणि आमच्याच जिल्ह्यातली एक तारीख. १९ मार्च १९८६. महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला पत्नी आणि चार मुलांसह जीवन संपवले. २०१७ पासून त्या दिवशी ठिकठिकाणी लोक एक दिवस अन्नत्याग करतात. योग्य करतात. शेतकऱ्याच्या घराला हे का पाहावे लागते, याचा जाब विचारलाच पाहिजे. पण आम्ही त्या दिवशी ज्या चौघांकरिता थांबतो ती चार लेकरे आहेत. बापाचे दुःख, बापाचे कर्ज, बापाचा निर्णय, हे सगळे बोलले जाते. त्या चौघांना कोणी काही विचारले नव्हते. त्यांच्याही पाट्या असतील, त्यांचेही बैल तान्ह्या पोळ्याला दारोदार फिरले असतील. बाप लेकरांचा धनी नाही, राखणदार आहे, लेकरू पांडुरंगाचे. जो माणूस कर्जाने वा दुःखाने अशा काठावर येऊन उभा असेल त्याने दिंडीतल्या एका तरी माणसाचा हात धरावा आणि सांगावे, "मला आज एकटं सोडू नको." आणि ज्याला सांगितले त्याने उपदेश न करता त्याच्या घरी मुक्काम करावा, सकाळी सोबत डॉक्टराकडे जावे. आपण पंढरीला दोनशे-अडीचशे कोस सोबत चालतो, तर चार घरे चालता येणार नाही काय?

त्या "घेण्या"च्या बोलण्याविषयीही सांगून टाकतो. मागच्या जन्मीचे देणे-घेणे होते म्हणून मूल आले आणि वसूल करून गेले, हा हिशोब आमच्या तोंडी फार आहे. सावकारी आणि बँकेच्या नोटिसा पाहून पाहून आम्हांला देवाचेही खाते तसेच दिसू लागले असावे! तुकोबाराय स्वतः सावकाराच्या घरचे. सन १६३० च्या सुमाराचा तो दुष्काळ. त्यांची पहिली पत्नी अन्न अन्न करत गेली, आणि मुलगा संतू गेला असे परंपरा सांगते. त्यानंतर त्यांनी काय केले? भावाच्या वाट्याची खते भावाला दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली. लोकांकडचे येणे सोडून दिले. देहूचे पडके देऊळ नीट केले. लेकरू गेल्यावर ज्याने हिशोबाच्या वह्या पाण्यात टाकल्या, त्याच्या नावाने जयजयकार करणाऱ्या आम्ही, दुसऱ्याचे लेकरू गेल्यावर त्याच्या दारी वही उघडून बसावे, हे शोभत नाही. कर्माचा सिद्धांत मोठा आहे. तो स्वतःच्या खोडीला लावावा, शेजाऱ्याच्या पाळण्याला लावू नये.

मग करावे काय? फार काही नाही. ज्या बाळाला विधी नाही त्याला आपण तिथी द्यावी. ते गेले तो दिवस ठेवायचा नसेल तर ते जन्मले तो दिवस ठेवा. आम्हांस तर जन्माचाच बरा वाटतो. त्या दिवशी सायंकाळी घरी हरिपाठ व्हावा. आधी विणेकऱ्याने त्या लेकराचे नाव मोठ्याने घ्यावे, "बाळ" म्हणून उरकू नये. जन्मताच गेलेले, नाव न ठेवलेले असेल तर आईने त्या दिवशी नाव ठेवावे. कोणाला विचारायची गरज नाही. मग आईला वा आजीला सांगू द्यावे, त्याने काय केले, काय मोडले, कोणाला चावले. लोक हसतील, हसू द्यावे. पाठच्या भावंडांना तेथे बसवावे. त्यांना कळते सगळे, फक्त बोलायला मनाई असते म्हणून ती गप्प असतात. नाव घेतल्याने जीव घुटमळतो हे खोटे. नामाने जीव सुटतो, हीच तर आपली उभ्या जन्माची ग्वाही.

श्रावणी अमावस्या म्हणजे आपला पोळा. त्याच दिवशी पिठोरी असते, हे पुरुषमंडळी बैलांच्या शिंगांना बेगड लावण्यात विसरतात. ज्या घरी हे व्रत आहे तेथे आई वाण खांद्यावरून मागे धरते आणि विचारते, "अतीत कोण?" मागे उभे असलेले लेकरू म्हणते, "मी." कहाणीही अशाच आईची आहे, जिची मुले जगत नव्हती आणि मेलेले मूल हातात देऊन जिला घराबाहेर काढले होते. ते व्रत मुळात तुमच्याआमच्यातल्या त्या बाईचे. आणि आज तिलाच, मूल गेलेली म्हणून, मागे बसवतात! तसे करू नये. तिला वाण धरू द्यावे. तिने "अतीत कोण" म्हटल्यावर मागे कोणी नसेल, तर शेजारच्या घरचे एखादे पोर आधीच सांगून उभे करावे.

दुसरे दिवशी तान्हा पोळा. पळाटीमागचा तो लाकडी बैल काढावा, धुवावा, चाक निघाले असेल तर सुताराकडून बसवून घ्यावे. ज्या पोराजवळ बैल नाही त्याच्या हाती द्यावा. बोजारा देताना त्या पोराला सांगावे की हा बैल कोणाचा होता. त्याचे नाव सांगावे.

॥ पुंडलिक वरदा हरि विठ्ठल ॥